लोकशाही परकी आहे का? ट्युनिशियाची दीडशे वर्षे

(युवा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एका मुलाने मला विचारलं, "सर, लोकशाही मुळात त्यांची ना? मग तिच्यासाठी आपण एवढं का झिजायचं?" त्यांची म्हणजे कोणाची, असं विचारलं तर म्हणाला, गोऱ्यांची. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "आमच्या कॉलेजात याच्या उलट ऐकायला मिळतं. मुसलमानांना लोकशाही पचतच नाही म्हणतात. एक तरी मुस्लिम देश दाखव, असं विचारतात."

ही दोन मतं ऐकायला विरुद्ध वाटतात, पण दोघांचा पाया एकच आहे. लोकशाही ही एका घराण्याची मालमत्ता आहे, तिच्यावर एकाच संस्कृतीचं नाव लागलेलं आहे, असं दोघंही धरून चालतात. एकाला ती नको आहे, दुसऱ्याला ती आपल्याला द्यायची नाही, एवढाच फरक.

मी तयारी केली होती तीही याच प्रश्नाची. फक्त तो मला हवेत सोडवायचा नाही. एका देशाची गोष्ट सांगून सोडवायचा प्रयत्न करतो. पण त्याआधी आपल्या तोंडातले शब्द बघू. 'लोकशाही' हा शब्दच घ्या. त्यातला 'लोक' संस्कृत, 'शाही' फारसी. निवडणुकीत उभा राहतो तो 'उमेदवार', हा फारसी. तो काढतो 'जाहीरनामा', त्यात अरबीही आहे आणि फारसीही. 'हक्क' अरबी, 'कायदा' अरबी, 'सरकार' फारसी. चार लोक बसून करतात ती 'मसलत', ती अरबी 'मसलहत'वरून आली. मतदान, राज्यघटना हे शब्द संस्कृत. गावातली कुठलीही आजी हे सगळं एका दमात बोलते, आणि यातलं आपलं कोणतं नि परकं कोणतं असं तिला कोणी विचारत नाही. कल्पनांचंही असंच असतं. त्या प्रवास करतात, वाटेत कपडे बदलतात.

दहाव्या शतकात अल-फाराबी नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने प्लेटोचे विचार अरबीत आणले आणि नगरांचे प्रकार सांगितले. त्यातलं एक नगर असं की जिथे प्रत्येक जण मोकळा आहे, कोणी कोणाच्या वर नाही, आणि राज्य करणारा लोकांच्या मर्जीवर अवलंबून आहे. फाराबी हे नगर आदर्श मानत नाही, त्याला ते अज्ञानी नगरांतच बसवतो. पण पुढे लिहितो की त्या सगळ्या नगरांत हेच सर्वांत हवंहवंसं वाटतं, तऱ्हेतऱ्हेचे लोक तिथे राहायला येतात आणि म्हणून चांगली माणसं घडण्याची शक्यताही तिथे जास्त. लोकशाहीचा शत्रूही नाही आणि भक्तही नाही अशा माणसाचं हे मत, हजार वर्षांपूर्वीचं. नंतर बाराव्या शतकात स्पेनमध्ये इब्न रुश्दने प्लेटोच्या त्याच ग्रंथावर भाष्य लिहिलं. त्यात त्याने आपल्या काळच्या शहरांना सुनावलं आहे की तुम्ही बायकांना फक्त मुलं जन्माला घालण्यापुरतं ठेवलंत, त्यांच्या क्षमता वाया घालवल्यात, आणि शहरांच्या गरिबीचं हेही एक कारण आहे. त्या भाष्याची मूळ अरबी प्रत हरवली. ज्यू विद्वानांनी हिब्रूत भाषांतर केलं म्हणून ते आज आपल्याला वाचता येतं. ग्रीक माणसाचा विचार, मुसलमानाचं भाष्य, ज्यू माणसाने जपलेलं. आता सांगा, हे कोणाच्या मालकीचं?

असो. आपल्याला जायचं आहे एकोणिसाव्या शतकात.

१८२६ साली इजिप्तच्या मुहम्मद अलीने काही विद्यार्थी पॅरिसला शिकायला पाठवले. त्यांचा इमाम म्हणून अझहरमध्ये शिकलेला एक तरुण बरोबर गेला, रिफाआ अल-तहतावी. नमाज पढवायला गेलेला हा इमाम पाच वर्षांत स्वतः फ्रेंच शिकला. १८३० साली तिथल्या राजाने वर्तमानपत्रांवर बंधनं आणली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि राजाला जावं लागलं. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर लिहिलं. फ्रान्सच्या तेव्हाच्या सनदेचं भाषांतरही त्याने आपल्या पुस्तकात दिलं. आता त्याची अडचण बघा. फ्रेंच लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात त्याला अरबीत काय म्हणायचं? 'हुर्रियत' शब्द होता, पण त्याचा रूढ अर्थ गुलाम नसणं एवढाच. तहतावीने वाचकाला समजावलं की ते लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, तेच आपल्याकडे अद्ल आणि इन्साफ. म्हणजे राजासुद्धा कायद्याखाली असणं.

काही अभ्यासक म्हणतात, तहतावीने अर्थ सौम्य केला. मला तसं वाटत नाही. त्याने आपल्या लोकांच्या मनातला सर्वांत मोठा शब्द निवडला आणि नव्या कल्पनेला त्यावर बसवलं. पुढे तुर्कस्तानात नामिक कमालने 'मशवरत' शब्द असाच वापरला. इराणमध्ये १९०६ साली संसद झाली, तिच्या नावात 'शूरा' आला. कुरआनात शूरा नावाची सूराच आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ट्युनिशिया. उत्तर आफ्रिकेतला छोटा देश, तेव्हा नावाला उस्मानी साम्राज्यात, प्रत्यक्षात तिथल्या 'बे'च्या हुकमतीत. १८४६ साली तिथल्या अहमद बेने गुलामगिरी बंद केली. फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायमची बंद केली ती १८४८ साली. दोनच वर्षांचं अंतर, पण कोण आधी ते लक्षात ठेवा.

१८५७ साली ट्युनिसमध्ये एका ज्यू गाडीवानावर भांडणात इस्लामबद्दल वाईट बोलल्याचा आरोप आला आणि त्याला देहदंड दिला गेला. फ्रान्सने आरमार पाठवलं. फ्रेंच आणि इंग्रज वकिलातींच्या दबावाखाली बेने 'अहद अल-अमान' म्हणजे सुरक्षेचा करार जाहीर केला. धर्म कोणताही असो, जीव आणि मालमत्ता सुरक्षित, कायद्यापुढे आणि करात सगळे समान. १८६१ साली त्यावर लिखित राज्यघटना आली. मुस्लिम जगातली ती पहिली मानली जाते. साठ सदस्यांची मोठी परिषद झाली. हे सदस्य निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. पण त्या घटनेत एक कलम असं होतं की कायदा मोडला तर खुद्द राज्यकर्ता या परिषदेला जबाबदार.

या परिषदेचा अध्यक्ष कोण होता? खैरुद्दीन. कॉकेशसमधला मुलगा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, इस्तंबूलमध्ये वाढला, तिथून ट्युनिसच्या दरबारात आला. पुढे तो ट्युनिसचा वजीर झाला, आणि शेवटी उस्मानी साम्राज्याचाही वजीर-ए-आझम. पण परिषदेचं काम करताना त्याला दिसलं की मुख्य वजीर मुस्तफा खजनदार तिजोरी लुटतो आहे आणि परिषदेला ते थांबवता येत नाही. खजनदार हा त्याचा सासरा. खैरुद्दीनने १८६२ साली राजीनामा दिला आणि लिहायला बसला. त्याचं पुस्तक १८६७ साली छापलं गेलं. त्यात तो उलेमांना सांगतो की दुसऱ्याकडची चांगली गोष्ट केवळ ती दुसऱ्याची आहे म्हणून टाकू नका. दाखला देतो तो खंदकच्या लढाईचा. मदिनेभोवती खंदक खणण्याची युक्ती अरबांची नव्हती, इराणची होती. सलमान फारसींनी सुचवली आणि पैगंबरांनी स्वीकारली. सकाळच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका वजिराने दीडशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. युरोप पुढे गेला तो ख्रिस्ती आहे म्हणून नव्हे, हेही खैरुद्दीनने स्पष्ट लिहिलं. पुढे गेला कारण तिथे राज्यकर्त्याला विचारणारं कोणीतरी होतं.

आता गोष्टीतला कडू भाग. हा भाग आपल्याकडच्या भाषणांत गाळला जातो, म्हणून मी जरा थांबून सांगतो.

सरकारने १८६३ साली पॅरिसमधून मोठं कर्ज काढलं. ते फेडायचं कसं? डोईकर ३६ पियास्तर होता, तो दुप्पट करून ७२ केला. १८६४ साली खेड्यापाड्यांतले लोक, टोळ्या, नंतर किनाऱ्यावरची शहरंही उठली. त्यांच्या मागण्यांत काय होतं? डोईकर रद्द करा, आणि ती नवी न्यायालयं, ती नवी घटनाही रद्द करा. गरीब माणसाने घटनेकडे पाहिलं तेव्हा त्याला तिच्यात स्वतःचा हक्क दिसला नाही. त्याला दिसला कर वाढवणारा वजीर आणि व्यापाराची सवलत मागणारा परदेशी वकील. घटना बाजूला ठेवली गेली ती ठेवलीच गेली. कर्ज वाढत राहिलं, १८६९ साली परदेशी सावकारांचं मंडळ देशाच्या तिजोरीवर बसलं आणि १८८१ साली फ्रेंच फौजा आल्या.

ज्यांनी समानतेसाठी आरमार पाठवलं, त्यांनीच पुढे तो देश गिळला. म्हणून 'लोकशाही म्हणजे गोऱ्यांचा डाव' असं कोणी म्हणालं तर मी त्याला वेड्यात काढत नाही. त्याचा संशय अनुभवातून आला आहे. मी फक्त एवढं विचारतो: डाव आरमाराचा होता, की राज्यकर्त्याला जबाबदार धरणाऱ्या त्या कलमाचा? ते कलम चाललं असतं तर खजनदारची लूट थांबली असती, कर्ज एवढं वाढलं नसतं. मला तरी असं वाटतं.

मधला काळ भरभर सांगतो. १९५६ साली स्वातंत्र्य मिळालं. खैरुद्दीनने १८७५ साली काढलेल्या सादिकी कॉलेजात शिकलेला हबीब बुर्गीबा सत्तेवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने नवा कौटुंबिक कायदा आणला. बहुपत्नीत्व बंद, तलाक फक्त न्यायालयात. आपल्या चळवळीत याचं फार कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण हा कायदा वरून आला. तो आणणारा माणूस १९७५ साली तहहयात अध्यक्ष झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८ एप्रिल १९६६ रोजी... माफ करा, कायद्यानंतर दहा वर्षांनी म्हणायचं होतं मला, मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तिकडे हुकूम, इकडे सात बायकांच्या हातात मागण्यांचं निवेदन. तिकडे कायदा लगेच झाला, इकडे आपण किती वर्षं वाट पाहिली ते तुम्हाला माहीत आहे. तरी सात बायकांचा तो रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. का, ते पुढे येईल.

१७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्या तरुणाने पोलिसी जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी २०११ रोजी तेवीस वर्षं राज्य करणारा बेन अली देश सोडून पळाला. ऑक्टोबरमध्ये घटना समितीची निवडणूक झाली. २१७ पैकी ८९ जागा एन्नहदा या इस्लामी विचाराच्या पक्षाला मिळाल्या. सगळ्या जगाला वाटलं, आता शरियतचं राज्य येणार. एन्नहदाचे नेते राशिद गन्नूशी वीस वर्षं लंडनमध्ये परागंदा होते. त्यांच्याच पक्षाने २०१२ साली जाहीर केलं की घटनेत शरियतचा उल्लेख मागणार नाही. त्याच वर्षी मसुद्यात एक वाक्य आलं की स्त्री ही पुरुषाला 'पूरक' आहे. १३ ऑगस्टला, म्हणजे १९५६च्या त्या कायद्याच्या वाढदिवशी, हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांच्यात हिजाबवाल्याही होत्या, बिनहिजाबवाल्याही होत्या. वाक्य गेलं, आणि समान नागरिक असा शब्द आला.

पुढचं वर्ष वाईट गेलं. दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, देश फुटायच्या बेतात आला. तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकिलांची संघटना अशा चौघांनी सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. कामगार आणि मालक एकत्र मध्यस्थी करतात, हे कुठे पाहिलंय तुम्ही? एन्नहदाने निवडून आलेली असूनही सत्ता सोडली. २६ जानेवारी २०१४ रोजी, होय, आपल्याच प्रजासत्ताक दिनाला, घटना मंजूर झाली. २१६ पैकी २०० मतं बाजूने. तिच्या सहाव्या कलमात श्रद्धेचं आणि विवेकाचं स्वातंत्र्य आहे, आणि कोणाला काफिर ठरवून त्याच्याविरुद्ध भडकवायला बंदी आहे. त्या चौघांना २०१५चं शांततेचं नोबेल मिळालं. कॉलेजातल्या त्या मुलांना 'एक तरी देश दाखव' याचं उत्तर म्हणून मी काही वर्षं ट्युनिशिया दाखवत होतो.

मग २५ जुलै २०२१ उजाडला. अध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना काढलं आणि संसद गोठवली. हे गृहस्थ कोण? पेशाने घटना कायद्याचे प्राध्यापक. २०१९ साली सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आलेले. त्यांनी घटनेतल्याच ऐंशीव्या कलमाचा आधार घेतला. त्या कलमात लिहिलं होतं की आणीबाणीत संसद चालूच राहील, आणि तीस दिवसांनंतर ही परिस्थिती खरंच आहे का ते घटना न्यायालयाला विचारता येईल. आणि ते न्यायालय? ते अस्तित्वातच नव्हतं. एका वर्षात स्थापन करायचं होतं. बारा सदस्य हवे होते, त्यातले चार संसदेने निवडायचे. सात वर्षांत संसदेला एकाच नावावर एकमत करता आलं. प्रत्येक पक्षाला आपला माणूस हवा होता. पक्षांनी ते रखडवलं, नंतर अध्यक्षांनीही त्याच्या विधेयकावर सही केली नाही.

त्या रात्री ट्युनिसच्या रस्त्यांवर लोक नाचत होते, हेही सांगितलं पाहिजे. कोरोनाने माणसं मरत होती, पोरांना नोकऱ्या नव्हत्या, संसदेत हाणामाऱ्या चालल्या होत्या. १८६४ सालच्या शेतकऱ्यासारखंच २०२१च्या बेकार तरुणाला घटनेत स्वतःचं काही दिसलं नाही. २०२२ साली नवी घटना आली. तिच्यावरच्या सार्वमतात सुमारे तीस टक्केच लोकांनी मत दिलं. एप्रिल २०२३ मध्ये ऐंशी पार केलेल्या गन्नूशींना अटक झाली.

आता सांगा, हे इस्लाममुळे झालं का? मौलवींनी संसद बंद केली नाही. सूट घातलेल्या घटनेच्या प्राध्यापकाने केली, आणि धार्मिक पक्षाचे लोक तुरुंगात गेले. ते परकं होतं म्हणून कोसळलं का? ती घटना ट्युनिसच्या लोकांनी तीन वर्षं भांडून स्वतः लिहिली होती. दोन्ही वेळा घटना पडली ती एकाच जागी. राज्यकर्त्याला 'थांबा' म्हणणारी खुर्ची एकदा दुबळी होती, एकदा रिकामी होती. आणि दोन्ही वेळा भाकरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला घटनेच्या दारात कोणी उभं केलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना सांगितलं होतं की घटनात्मक नीती ही उपजत भावना नाही, ती रुजवावी लागते. ही कल्पना त्यांनी घेतली ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून, आणि त्याने लिहिलं होतं प्राचीन अथेन्सबद्दल. पुढच्या वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांनीच सांगितलं की बौद्ध भिक्षुसंघाला सभेचे नियम, ठराव, मतदान हे सगळं ठाऊक होतं. उसनं घेण्यातही संकोच नाही आणि स्वतःच्या परंपरेत शोधण्यातही नाही. खैरुद्दीनची पद्धत हीच होती.

रुजवायची म्हणजे कुठे? दिल्लीत आपलं फारसं चालत नाही. म्हणून माझ्या गावच्या जमातीची गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी वार्षिक बैठकीत मी उभा राहिलो आणि विचारलं, मदरशाच्या छपराच्या दुरुस्तीचा हिशोब वाचून दाखवाल का? सगळे गप्प. मग एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "बेटा, आमच्यावर भरोसा नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण भरोसा होता. पैसा कोणी खाल्ला असेल असं मला आजही वाटत नाही. मी खाली बसलो. बैठकीत बायका नव्हत्याच. त्यांचा चंदा मात्र होता. घरी आल्यावर आईने विचारलं, छपराला किती खर्च आला? मी म्हणालो, सांगितलं नाही. ती म्हणाली, मग गेला कशाला होतास?

पुढच्या वर्षी आम्ही पाच जणांनी आधीच लेखी अर्ज दिला. हिशोब वाचला गेला. बरोबर होता, काही रुपयांचासुद्धा फरक नव्हता. वाचून झाल्यावर चाचांनी स्वतःच विचारलं, अजून कोणाला काही विचारायचंय? बायकांना बैठकीत बोलवायचा अर्ज या वर्षी दिला आहे. त्यावर आईची सही पहिली आहे. बैठक ईदनंतर आहे, त्यामुळे तिथे काय होईल ते आज सांगता येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सकाळच्या त्या मुलाने हात केव्हाचा वर केला आहे, त्याच्यापासून सुरू करू.